दात येणाऱ्या पिल्लाचं चावणं कसं आवरायचं

लालबागच्या आमच्या चाळीत गेल्या वर्षी जूनच्या शेवटी एक पिल्लू आलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या आमच्या मजल्यावरच्या ताईंनी ते भर पावसातून उचलून आणलं होतं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. वय साधारण नऊ आठवडे. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी तिला तरतरी आली आणि तिथून पुढे कुणाच्या मनगटावर, कुणाच्या पोटरीवर, सासूबाईंच्या साडीच्या काठावर तिचे दात उमटायला लागले.

"हे चावरं निघालं गं," असं सासूबाई चौथ्याच दिवशी म्हणाल्या. पहिल्यांदा पिल्लू आणणाऱ्या बहुतेक घरांत हे वाक्य कधी ना कधी निघतं, आणि त्या धास्तीने पिल्लू परत सोडून दिलेलंही मी पाहिलंय. म्हणून हे सविस्तर लिहितेय. दोन ते सात महिन्यांच्या पिल्लाचं असं चावणं बहुतेक वेळा रागाचं नसतं. ते आवरता येतं, पण त्याला काही आठवडे लागतात आणि घरातल्या सगळ्यांची साथ लागते.

आधी दातांचं वेळापत्रक समजून घ्या

पिल्लाला दुधाचे दात 28 असतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते फुटायला लागतात आणि दुसऱ्या महिन्यापर्यंत सगळे आलेले असतात. सुईसारखे टोकदार असल्यामुळे जोर नसतानाही ते रुततात. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की आधी पुढचे बारीक दात पडतात, मग सुळे आणि बाजूचे दात पडतात, आणि शेवटी मागच्या दाढा येतात. त्या दाढा दुधाच्या दातांत नसतातच. सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात होतात. म्हणजे सगळ्यात जास्त शिवशिव चौथ्या ते सहाव्या महिन्यात.

पडलेले दात सहसा दिसत नाहीत, कारण पिल्लू ते गिळून टाकतं, आणि त्याने काही बिघडत नाही. आम्हाला टिकलीचा एकच सापडला, गोधडीच्या घडीत, तांदळाच्या कणीएवढा. त्याच दिवशी तिच्या चघळायच्या फडक्यावर रक्ताचे दोन-तीन ठिपके होते. एवढं रक्त दिसणं नेहमीचं आहे, घाबरू नका.

पण चावण्याचं कारण फक्त हिरड्या नव्हेत. पिल्लाला हात नसतात, ते जग तोंडाने चाचपून बघतं. भावंडांशी खेळताना एकाने जोरात धरलं की दुसरं कळवळतं आणि खेळ सोडून जातं. असं रोज पन्नास वेळा घडलं की जबडा किती दाबायचा ते पिल्लाला उमगतं. जे पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तुटलं, त्याचा हा धडा अर्धा राहतो. रस्त्यावरून आलेल्या पिल्लांच्या बाबतीत हे फार होतं. मग तो धडा आपल्याला पुरा करून घ्यावा लागतो.

झोप मोजा. खरंच, घड्याळ लावून मोजा

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक याने पडला आणि सुरुवातीला हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे रोज संध्याकाळी सातच्या सुमारास एकच गोंधळ व्हायचा. सासूबाई देवाजवळ दिवा लावायच्या, मुलगा शाळेतून, मग शिकवणीवरून येऊन धावत सुटायचा, आणि टिकली त्याच्या हाफपँटला लोंबकळायची. डोळे मोठे, शेपटी ताठ, ओरडलं की अजून चेव. मला वाटायचं हिला अजून खेळवायला हवं. म्हणून मी अजून खेळवायची आणि ती अजून चावायची.

पिल्लाला दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. एक दिवस मी वहीत लिहून ठेवलं तर टिकलीची भरली जेमतेम अकरा तास. कारण उघड होतं. चाळीत दार दिवसभर उघडं. गॅलरीतून येणारा-जाणारा आत डोकावतो, "अगं किती गोड" म्हणून उचलतो. समोरची मुलं, दूधवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांचे हात. दमलेलं लहान मूल जसं झोपायचं सोडून रडतं, हात-पाय झाडतं, तसं दमलेलं पिल्लू चावत सुटतं.

मग आम्ही असं केलं. खाटेखाली जुनी गोधडी घातली, खाटेला पुढून चादर सोडली, झाली गुहा. तासभर जागी राहिली की दीड-दोन तास तिथे झोप. झोपवायच्या आधी शी-शू, दोन मिनिटं काहीतरी चघळायला, आणि मग तिच्याकडे कुणी बघायचं नाही. खाटेखाली असलेल्या टिकलीला कुणी हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही लागू. दाराला दुपारी अर्धी कडी. शेजाऱ्यांना थोडं विचित्र वाटलं, पण समजावून सांगितल्यावर मुलंच एकमेकांना "शू, टिकली झोपलीय" म्हणायला लागली. संध्याकाळी साडेपाच ते सातची झोप कधीही चुकवायची नाही असं ठरवलं, आणि सातचा गोंधळ आठवड्याभरात निम्म्यावर आला.

तुमच्याकडे फ्लॅट असेल, माणसं कमी असतील, तरी एकदा मोजून बघाच. पिल्लू अचानक पिसाटल्यासारखं चावायला लागलं तर पहिला प्रश्न हाच विचारा, शेवटचं झोपलं कधी?

चघळायला काय द्यायचं

शिवशिवणाऱ्या हिरडीला गार आणि थोडं दबणारं काहीतरी हवं असतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुना सुती पंचा किंवा नॅपकिन. ओला करून पिळायचा, पीळ घालून मध्ये गाठ मारायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा. पिल्लू चघळत असताना जवळ बसा, धागे सुटायला लागले की काढून घ्या, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. फ्रीजमधलं अख्खं जाड गाजरही चालतं, पण तुकडे करून नको, घशात अडकतात. मधे पोकळी असलेलं रबरी खेळणं मिळतं, त्यात साखर न घातलेलं दही किंवा मऊ भात-कुस्करलेला भोपळा भरून गोठवला की वीस मिनिटांची निश्चिंती.

खेळणं विकत घेताना अंगठ्याचं नख रोवून बघा. नख थोडंही रुतत नसेल तर ते पिल्लाच्या दातांना कडक आहे. याच कारणाने बर्फाचे मोठे खडे, शिंगं, खूर नकोत. रविवारच्या मटणातली नळी द्यायचा मोह सगळ्यांना होतो. देऊ नका, दात तुटतो. चिकनची शिजलेली हाडं तर कधीच नकोत, त्यांच्या टोकदार काड्या होतात. करवंटीचंही तसंच.

जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कुठली आणि कोल्हापूरहून आणलेली नवी कुठली, हे पिल्लाला कळायचा काही मार्ग नाही. दाराबाहेरच्या चपला तीन-चार महिने वर उचलून ठेवा, चार्जरच्या वायरी भिंतीला चिकटवा, केरसुणी दाराआड. समोर नसलेली वस्तू चावायला नको म्हणून शिकवावं लागत नाही.

दात लागला त्या क्षणी

इथे मात्र नीट वाचा, कारण पुढच्या तीन-चार सेकंदांत तुम्ही काय करता यावर बरंच काही ठरतं.

हात झटकन ओढू नका. ओढला की तो पळणारा उंदीर होतो आणि पिल्लू मागे येतं. शिवाय ओरखडा खोल जातो. हात सैल सोडा, जागच्या जागी थांबा. साडी, सलवार, पँट धरली असेल तरी हेच, थांबा. कपडा खेचलात की तुम्ही त्याच्याशी रस्सीखेच खेळताय असं त्याला वाटतं.

मग दुसऱ्या हाताने चघळायची वस्तू त्याच्या तोंडाजवळ आणा आणि हलवा. नुसती पुढे धरलेली वस्तू मेलेली असते, तुमची बोटं जिवंत असतात, तेव्हा पिल्लू बोटंच निवडणार. वस्तू जमिनीवरून सरपटत न्या. त्याने ती धरली की लगेच शाबासकी द्या, खेळा. यासाठी घरात प्रत्येक बसायच्या जागेपाशी एकेक खेळणं ठेवावं लागतं. आमच्याकडे एक खाटेवर, एक ओट्याखाली, एक टीव्हीपाशी असायचं, कारण खेळणं आणायला उठलं की तोवर उशीर झालेला असतो.

एवढं करूनही पिल्लू परत हाताकडे वळलं, तर शांत आवाजात एकदाच "संपलं" म्हणा आणि उठून जा. वीस-तीस सेकंद, जास्त नाही. आमच्या दीड खोलीत जायला दुसरी जागा नव्हती. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लाकडी पाट आडवा उभा करून ठेवला आणि मी तो ओलांडून पलीकडे जायची. पाठ करून उभी राहायची. टिकली पाटाला पाय लावून कुईकुई करायची, मग गप्प व्हायची. गप्प झाली की मी परत यायची, काही झालंच नाही अशी. पहिल्या दिवशी हे मी एका तासात नऊ वेळा केलं. दहाव्या वेळी तिने माझं बोट तोंडात घेतलं, थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. त्या क्षणी मी तिला खूप कुरवाळलं.

लक्षात घ्या, खेळ बंद होणं एवढीच शिक्षा आहे. त्याला मोरीत किंवा बाथरूममध्ये कोंडू नका. पुढे तिथेच आंघोळ घालायची असते, आणि एकदा त्या जागेची भीती बसली की ती काढायला महिने जातात.

चावल्यावर "आऊ" करून कळवळायचं, असाही सल्ला मिळतो. काही पिल्लं त्याने खरंच थबकतात. काहींना तो आवाज म्हणजे खेळण्यातली शिट्टी वाटते आणि ती दुप्पट जोराने येतात. टिकली दुसऱ्या जातीची. दोन-तीनदा करून बघा, थबकलं नाही तर सोडून द्या.

आता जोराबद्दल. पहिल्या दिवसापासून दात अजिबात लागता कामा नये, असा हट्ट धरू नका. पहिल्या आठवड्यात फक्त दुखणाऱ्या चाव्याला उठून जा. ते कमी झाले की मध्यम चाव्यालाही. मग हलक्या चाव्यालाही. असं पायरी पायरीने केलं की आधी जबड्याचा जोर कमी होतो आणि मग चावणं थांबतं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण मोठेपणी कधी कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला, दुखलं आणि त्याने नकळत तोंड टाकलंच, तर ज्याला जोर आवरायची सवय आहे त्याचा दात रुतत नाही.

सोबत रोज पाच मिनिटं दोन साध्या गोष्टी शिकवा. एक, उघड्या तळहातावर जेवणातले चार दाणे ठेवून चाटून घ्यायला द्यायचे. दात लागला तर मूठ बंद, जीभ लागली तर उघडी. दोन, "सोड". तोंडातली वस्तू हिसकावायची नाही, तिच्या बदल्यात नाकाशी चिकनचा उकडलेला तुकडा धरायचा, तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि शक्य असेल तर पहिली वस्तूही परत द्यायची. "सोड" म्हटल्यावर आपलं काही जात नाही असं कळलं की पिल्लू वस्तू घेऊन पळत नाही. पावसाळ्यात गॅलरीच्या कोपऱ्यातून काय काय तोंडात येतं ते पाहिलं की या शब्दाची किंमत कळते.

घरातली माणसं

सगळ्यांनी एकच नियम पाळला तरच हे जमतं. आमचे हे ऑफिसातून आले की हातानेच टिकलीशी कुस्ती खेळायचे. त्यांना चावलेलं चालायचं, मला नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही. पिल्लाने यातून काय समजावं? शेवटी फ्रिजवर कागद लावला: हाताने खेळायचं नाही, चावलं की थांबायचं, झोपलेली उठवायची नाही. तीनच ओळी, पण सगळ्यांसाठी.

लहान मुलांना "झाड" व्हायला शिकवा. पिल्लू अंगावर आलं की पाय रोवून उभं राहायचं, हात छातीशी घडी, नजर जमिनीकडे, आवाज नाही. किंचाळून पळणारं मूल हे पिल्लासाठी जगातलं सगळ्यात भारी खेळणं असतं. मुलासोबत आधी पिल्लाशिवाय याचा सराव करा, त्याला गंमत वाटते. आणि कितीही जमलं तरी पिल्लू आणि लहान मूल यांना एकटं सोडू नका, तुम्ही ओट्यापाशी आहात म्हणूनसुद्धा नाही.

म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ असते, दुधाचा दातही सोलवटून काढतो. सासूबाई दिवा लावायच्या वेळी टिकलीला आम्ही गोठवलेलं खेळणं देऊन पाटापलीकडे ठेवायचो. त्यांची भीती गेली की मग त्यांनीच तिला भाताचे घास द्यायला सुरुवात केली.

हे मात्र करू नका

ओळखीच्या एकाने सांगितलं होतं, चावलं की तोंड गच्च दाबून धर. दुसऱ्याने सांगितलं, नाकावर टिचकी मार. वर्तमानपत्राची गुंडाळी, उताणं पाडून दाबून धरणं, असे सल्ले भरपूर मिळतील. यातून पिल्लू हे शिकतं की माणसाचा हात जवळ आला की दुखतं. मग ते खेळात नव्हे, भीतीने चावायला लागतं, आणि ते आवरणं फार अवघड असतं.

टेबलाच्या पायाला तिखट चोळणं, हिरवी मिरची घासणं हेही नको, डोळ्यांत गेलं तर आग आग होते. हिरड्यांना लवंगेचं तेल लावू नका. आपल्या घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी, अगदी अर्धीसुद्धा, देऊ नका. माणसाला चालणारी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

दात रुतला आणि रक्त आलं तर

आपलं घरचं पिल्लू आहे, त्याला काय होतंय, असं म्हणून हे सोडून देऊ नका. रेबीज पिल्लांनाही होतो. त्यांना रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर मिळते, म्हणजे चावण्याचे सुरुवातीचे आठवडे लसीआधीचे असतात. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाचा मागचा इतिहास तर कुणालाच माहीत नसतो.

त्वचा फाटली, ओरखडा उठला किंवा उघड्या जखमेला लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप मोठी असतात, म्हणून घड्याळ बघा. हळद, चुना, तेल, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पिल्लाचं वय, लस झाली की नाही, हे स्पष्ट सांगा. केईएम, नायर, सायन अशा महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मिळते. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं आणखी एक इंजेक्शन लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. "दहा दिवस पिल्लू कसं राहतंय ते बघू" म्हणून लस लांबवू नका. सुरू केलेली लस अर्ध्यावर सोडू नका. माझ्या मुलाला टिकलीचा दात लागला तेव्हा आम्ही सगळे डोस पुरे केले. टिकली आज ठणठणीत आहे आणि तरीही मला ते योग्यच वाटतं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

लसींसाठी जाणं होतंच, त्याच वेळी दात बघायला सांगा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि त्याच भागातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय मुंबईकरांच्या पिढ्यान् पिढ्या ओळखीचं आहे. तुमच्या भागातला चांगला खासगी डॉक्टरही चालेल. लसींचा पूर्ण क्रम होईपर्यंत पिल्लाला बाहेरच्या जमिनीवर सोडू नका, पार्वो नावाचा जीवघेणा आजार तिथूनच येतो. कडेवर घेऊन गॅलरीत, जिन्यात, रस्त्याच्या कडेला नेलं तरी त्याचं मन रमतं आणि घरी आल्यावर चावणं कमी होतं. पावसात साचलेल्या पाण्यात तर पक्की लस झालेल्या कुत्र्यालाही तोंड घालू देऊ नका. उंदरांच्या मुताने लेप्टो पसरतो, आणि त्याचीही लस असते, ती विचारून घ्या.

काही गोष्टी दिसल्या तर पुढच्या लसीची वाट न बघता जा. खाणं सोडलं, एका बाजूनेच चावतंय, तोंडाला घाण वास येतोय, दात तुटलाय, हिरडी सुजलीय. किंवा खेळात नव्हे तर जेवणाच्या भांड्यापाशी अंग ताठ करून, एकटक बघत गुरगुरतंय आणि दात लावतंय. हे शेवटचं दातांचं दुखणं नाही, त्यासाठी लवकर सल्ला घेतलेला बरा.

आणि सुळ्यांकडे लक्ष ठेवा. कधी कधी नवा सुळा येतो तरी दुधाचा पडत नाही, दोन सुळे एकाला एक चिकटून दिसतात. पॉमेरेनियन, शित्झू, स्पिट्झसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत हे जास्त होतं. मधे अन्न अडकतं, नवा दात वाकडा येतो. डॉक्टर तो जुना सुळा काढतात, बऱ्याचदा नसबंदीच्या भुलीतच.

हे दिसायला हवं तर पिल्लाने ओठ वर करू द्यायला हवा. रोज रात्री झोपवताना मी टिकलीच्या गालावर बोट ठेवायची आणि एक दाणा द्यायची. मग ओठ किंचित उचलायचा, दाणा. मग बाजूचे दात दिसतील इतका, दाणा. सातव्या महिन्यात तिच्या मागच्या दाढा मी अशाच मोजल्या, खाटेवर आडवी पडलेली असताना, मोबाइलच्या उजेडात. सासूबाई शेजारी बसून आकडे म्हणत होत्या.